ट्रॉलीखालून बाहेर बोलावलं तेव्हा

बायको गेल्यावर मी देवीवर रागावलो, असं गावात लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं, आणि मला समोर कुणीच दिसत नव्हतं. तिला कावीळ झाली तेव्हा आधी झाडपाला केला, मग जालन्याला दवाखान्यात नेलं, आणि त्या धावपळीत टेकडीवरच्या देवीला भर उन्हात अनवाणी जाऊन आलो. डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. तरी ती गेली. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. त्यानंतर मी कुणाशी भांडलो नाही, देव्हाऱ्यातले देव उचलून ठेवले नाहीत. फक्त हात जोडणं बंद झालं. एखाद्या पाऊलवाटेनं येणंजाणं थांबलं की तिच्यावर हळूहळू गवत उगवतं, तसं काहीतरी माझ्या आत झालं होतं. आईला ते दिसत होतं. मुलीला जवळ घेऊन संध्याकाळी देवापुढं बसायची आणि मी तेवढा वेळ गोठ्यात काहीतरी काम काढायचो.

आमचं गाव घनसावंगीहून गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्याला. काळी जमीन, कापूस आणि ऊस. गावाबाहेर एक लहानशी टेकडी आहे, तिच्यावर देवीचं ठाणं. बायको जाऊन काही वर्षं झाली तेव्हा एकदा चैत्रातल्या जत्रेच्या आधी देवळापुढच्या उतारावर भराव टाकून मांडवापुरती सपाट जागा करायची, असं गावानं ठरवलं. ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यानं एकेक दिवस मुरूम वाहायचा. तात्या, म्हणजे माझे चुलत चुलते, या कामाचे पुढारी होते. ते घरी विचारायला आले तेव्हा माझ्या तोंडात नकार तयार होता. उसाच्या खेपा चालू आहेत, ट्रॅक्टर मोकळा नाही, असं काहीतरी मी सांगणार होतो. पण आईनं आतूनच होकार देऊन टाकला. तात्या गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ट्रॅक्टर देवीचं काम करील. तू नुस्तं स्टेरिंग धर. तुला पाया पड म्हणून न्हाई म्हणत मी."

ट्रॅक्टरची तब्येत तेव्हा बरी नव्हती. त्याच्या मागच्या भागात जे तेल असतं त्याच्या जोरावरच नांगर उचलला जातो आणि त्याच तेलाच्या दाबानं ट्रॉलीखालचा जॅक वर होऊन ट्रॉली ओतली जाते. ते तेल कमी झालं की ट्रॅक्टर आधी कण्हतो. नांगर वर घेताना कुंई कुंई आवाज येतो, लिफ्ट अडखळत, हिसके देत उचलते. माझा ट्रॅक्टर काही दिवसांपासून असाच कण्हत होता. उभा करायच्या जागेवर मातीत काळपट डागही पडू लागले होते. मी वरून थोडं तेल ओतायचो आणि पुढं चालवायचो. कुठून गळतं ते निवांत बघू, एवढा ऊस संपू दे, असं मनाशी म्हणायचो. त्या काळात माझं सगळंच असं चाललं होतं. गळती कुठं आहे ते न बघता वरून ओतत राहायचं आणि दिवस ढकलायचा.

माझा दिवस आला तेव्हा होळी होऊन गेली होती. सकाळच्या दोन-तीन खेपा नीट झाल्या. आदल्या दिवशी खदानीवर पाणी मारलं होतं, त्यामुळं मुरूम ओलसर होता आणि जड होता. दुपार होत आली तशी मी भरलेली ट्रॉली घेऊन टेकडीवर आलो, मागं घेतली, उतारावर लावली आणि लिव्हर ओढला. ट्रॉली अर्ध्यावर गेली आणि थांबली. पंप ओरडू लागला. मुरूम ओला असल्यानं एवढ्या तिरक्या ट्रॉलीतून तो घसरत नव्हता, आणि ट्रॉली आणखी वर जात नव्हती. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर ते तिच्या टोकालाही लागत नव्हतं. सीटमागच्या डब्यात होतं तेवढं सगळं ओतलं. पुन्हा लिव्हर ओढला. ट्रॉली हिसका देऊन थोडी वर गेली, पुन्हा थांबली. खाली वाकून पाहिलं तर जॅकला जोडलेल्या रबरी पाइपच्या तोंडाशी तेलाची धार लागली होती.

गवंडी आणि बाकीची माणसं देवळामागच्या लिंबाखाली भाकरी खायला बसली होती. तात्यांनी मलाही हाक मारली. मी म्हणालो, एवढा जोड घट्ट करतो आणि येतो. इंजिन बंद केलं, पाना घेतला आणि ट्रॉलीखाली शिरलो. वर उचललेली ट्रॉली आणि खालचा लोखंडी सांगाडा यांच्या मधे छातीपर्यंत आत गेलो. आधी ट्रॉलीला जाड ओंडक्याचा टेकू लावायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. पण ओंडका आणायला गावात जावं लागलं असतं, आणि मला ते काम एकदाचं उरकून घरी जायचं होतं. खरं सांगायचं तर त्या देवळासमोर जास्त वेळ थांबायला मला नको वाटत होतं.

जोड तेलानं माखलेला होता, पाना बसत नव्हता. मी तो दुसऱ्यांदा बसवत होतो तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला. पाणी मिळेल का, म्हणून कुणीतरी विचारत होतं. मी आत असल्यानं मला फक्त तिचे पाय दिसले, धुळीनं भरलेले, एका पायातल्या चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला. मी आतूनच सांगितलं की ट्रॅक्टरला पाण्याची कॅन लटकवलेली आहे, घ्या मावशी. पाय हलले, ट्रॅक्टरकडं गेले आणि परत आले.

"मला न्हाई निघत ती," ती म्हणाली. "तू ओतून दे."

मी म्हणालो, एवढं झालं की देतो, जरा बसा. ती बसली नाही. तिथंच उभी राहिली. आणि थोड्या वेळानं, अजिबात आवाज न वाढवता म्हणाली, "बाबा, लई तहान लागली रे."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. वैताग आला. पाना सांगाड्यावर तसाच ठेवला, अंग सरपटत मागं घेतलं, बाहेर आलो. समोर साठीची एक बाई होती, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर, काखेत कापडाचं बोचकं. मी हात चिंधीला पुसले, पोत्यात गुंडाळलेली कॅन काढली, आणि ती ओंजळ करून वाकली. मी पाणी ओतलं. ती प्यायली, थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. मी दुसऱ्यांदा ओतत होतो तेव्हा माझ्या पाठीमागं फट् असा आवाज झाला, आणि त्याच्यामागोमाग पायाखालची जमीन हादरली.

पाइप फुटला होता. मुरमानं भरलेली ट्रॉली सांगाड्यावर येऊन आदळली होती. तेल चहूकडं उडालं होतं, तिच्या पदरावरही थेंब पडले होते. माझ्या हातातून कॅन सुटली आणि पाणी मातीत वाहत राहिलं. लिंबाखालची माणसं धावत आली. तात्या ट्रॉलीच्या कडेनं वाकून बघत राहिले. मी ठेवलेला पाना तिथंच होता. ट्रॉलीचं लोखंड त्याच्यावर बसलं होतं आणि पान्याची मूठ चेपून वाकली होती. जिथं तो पाना होता तिथं थोड्या वेळापूर्वी माझी मान होती. तात्यांनी माझा दंड पकडला आणि सोडलाच नाही.

मी खाली बसलो. त्या बाईनं बोचकं बाजूला ठेवलं, माझ्याजवळ टेकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, लहान लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. नंतर रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ती घनसावंगीला लेकीकडं निघाली होती, रस्त्यावर जीपची वाट बघून थकली आणि वर देऊळ दिसलं म्हणून दर्शनाला आली होती, असं तिनं तात्यांना सांगितलं. त्यांनी तिला खाली नेऊन जीपमधे बसवलं. मी तिचं नाव विचारलं नाही. मला तेव्हा काही सुचतच नव्हतं.

मुरूम माणसांनी फावड्यांनी ओढून काढला. ट्रॅक्टर आम्ही कसाबसा घरी आणला. आई अंगणात ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. मुलगी आत अभ्यास करत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात सांगितलं. आईचा हात सुपात थांबला. ती उठून देवापुढं जाईल, नारळ फोडायला लावील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ते बघून माझ्या आत इतके दिवस अडकलेलं बाहेर पडलं. मी विचारलं, मला जर देवीनं बाहेर काढलं असेल, तर तुझी सून आजारी होती तेव्हा देवी कुठं होती? तिच्यासाठी तर मी अनवाणी गेल्तो. आज तर मी हातही जोडले नव्हते.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "मला न्हाई माहीत, बाबा. मी बी रोज तिला तेच इचारते. अन् रोज दिवा लावते."

मला इतकी वर्षं वाटत होतं की आईच्या मनात शंका नाही, म्हणून तिला हात जोडता येतात. माझ्या मनात आहे, म्हणून मला येत नाहीत. त्या संध्याकाळी कळलं की तिच्याही मनात तोच प्रश्न होता, माझ्याइतकाच मोठा. तो तिनं दाराबाहेर ठेवला नव्हता. त्याला बरोबर घेऊनच ती देवीपुढं बसत होती. शरण जाणं म्हणजे उत्तर मिळाल्यावर वाकणं, असं मी समजत होतो. तिनं ते उत्तराशिवाय केलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्याबरोबर ज्वारीतले खडे वेचू लागलो. त्या दिवशी मी गोठ्यात गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीहून नवा पाइप आणला, तेल पूर्ण भरलं, गळणारे जोड सगळे बदलले. बाभळीचा एक जाड ओंडका कापून ट्रॉलीला साखळीनं बांधून टाकला. तो टेकू लावल्याशिवाय मी पुन्हा कधी ट्रॉलीखाली हात घातला नाही. देवीवर भरवसा ठेवायचा म्हणजे ओंडका लावायचा नाही, असं नव्हे. एकदा आपल्याला कुणी हाक मारून बाहेर काढलं, तर पुन्हा तसं आत शिरणं हा त्या हाकेचा अपमान आहे, एवढंच मला समजतं.

त्या बाईचा शोध मात्र मला घ्यायचा होता. जत्रा झाली, उन्हाळा सरला, पेरण्या झाल्या. मग एकदा त्या रस्त्यानं फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्याला मी सुतळीनं बांधलेल्या चपलेची खूण सांगितली. तो हसला. म्हणाला, ती तर आमच्याच गावची, गोदावरीच्या काठावरची सरूमावशी. मी त्याच्याच जीपमधे बसून गेलो. बरोबर साडी-चोळी आणि नारळ घेतला होता.

मावशी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. मी टेकडी, ट्रॉली, पाणी असं सगळं सांगत गेलो तेव्हा तिला आठवलं. मी विचारलं, तुम्ही नेमक्या त्याच वेळी मला का बाहेर बोलावलं? तिला माझा प्रश्न नीट कळलाच नाही.

"तहान लागल्ती म्हणून," ती म्हणाली. "कॅन लई जड होती. दुसरं काय?"

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला तहान लागली होती, हेच खरं होतं, आणि मी जिवंत होतो, हेही तितकंच खरं होतं. या दोन गोष्टी कुणी एकत्र आणल्या ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. आजही मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. कुणी योगायोग म्हटलं तर मी मान हलवतो. पण माझे हात त्या दिवसापासून आपोआप जोडले जातात, आणि जोडताना मी काही मागत नाही.

साडी तिनं आधी घेतलीच नाही. लेक म्हणून दिली तर घेईन, असं म्हणाली, मग घेतली. मी निघतो म्हणालो तर तिनं चूल पेटवली. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, घरी कोण कोण हाय? मी सांगितलं, आई आहे, एक मुलगी आहे. मग पहिल्यांदाच कुणापुढं तरी, आवाज न अडखळता, बायको गेल्याचं सांगितलं. तिचं नाव घेतलं. ती गेल्यापासून माझ्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. मावशीनं भाकरी उलटली, चुलीकडंच बघत ऐकलं, आणि देवाची मर्जी वगैरे काही बोलली नाही. मी ताटातली भाकरी संपवली तेव्हा तिनं न विचारताच दुसरी वाढली, वर ठेचा ठेवला. एरवी मी हात आडवा धरला असता. त्या दिवशी धरला नाही.