सासऱ्यांचा शेवटचा डाव

आमच्या सासऱ्यांइतके बुद्धिबळाचे डाव बरोबरीत सोडवलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून स्पर्धांना हिंडवणारा माझ्याइतका दमलेला जावईही. राहात्याला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. चाळीस वर्षं ओपनिंग एकच. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग घोडा, की झाली तटबंदी. समोरचा तास-दोन तास डोकं आपटायचा आणि कंटाळून बरोबरीसाठी हात पुढे करायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, जरा हल्ला करा की!" तर म्हणाले, "जावईबापू, घाई कसली आहे?" घाई मला होती हो! शिवाय मास्तरकी काही सुटलेली नव्हती. समोरच्याचा घोडा चौकोनात जरा तिरका बसला, तरी "नीट ठेवा" म्हणायचे.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. तीन-तीन तास पटाकडे बघवेना, म्हणून शिर्डीची स्पर्धा शेवटची, असं त्यांनी जाहीर केलं. आणि नवल म्हणजे शेवटची फेरी जिंकली असती तर ज्येष्ठांचा कप त्यांचा होता. आयुष्यातला पहिला. सासूबाईंनी शोकेसमधली बाहुली हलवून जागासुद्धा करून ठेवली होती.

समोर काष्टीचे एक शेतकरी. सासऱ्यांचा एक हत्ती जास्त, आणि शेतकऱ्यांची शेवटची दोन मिनिटं उरलेली. शेतकऱ्यांनी चाल केली आणि घड्याळ दाबायलाच विसरले. वेळ त्यांचीच पळत होती; ती संपली की ते हरले. सासऱ्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. मी लांबून देव पाण्यात घालून बसलेलो. तर हे म्हणतात, "घड्याळ दाबा की हो पाहुणे!"

"आयला, इसरलोच हुतो की! लई उपकार झाले, गुरुजी," म्हणत त्यांनी घड्याळ दाबलं, आणि उरलेल्या वेळात वजीर राजाच्या मागे असा लावला की शहावर शह, शहावर शह. सासऱ्यांचा राजा दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला, तीच स्थिती तीनदा आली. डाव बरोबरीत.

परतताना मी धुमसत होतो. पेरूच्या गाड्यांपाशी स्कूटर थांबवली. वाटलं, आता प्रामाणिकपणावर एक तास घेतील. पण ते पेरू हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

"गप्प बसायला हवं होतं हो मी," शेवटी म्हणाले. "तोंडातून निघून गेलं. फार हवा होता मला तो कप."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

"घरी तुम्हीच सांगाल का?" ते म्हणाले. "मला नाही जमायचं."

सांगतो म्हटलं, आणि घरापर्यंत स्कूटर जितकी हळू चालवता येईल तितकी चालवली.