कळंबला मॉर्फिन आलं तेव्हा

डिंभे धरणाकडची शेवटची एसटी चुकली म्हणून ती बाई आमच्या दवाखान्यात येऊन बसली होती. आमचा दवाखाना म्हणजे नाशिक रस्त्यालगतच्या कळंबमधल्या दहा खाटा, डॉक्टर म्हणून मी, एक सिस्टर आणि औषधं सांभाळणारा फार्मासिस्ट. संध्याकाळी रुग्ण कमी झाले तेव्हा मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला काय होतंय?"

"मला कशाचं काय व्हतंय? मालकांच्या गोळ्या आणाया पुण्याला गेल्ते."

तिचा नवरा आयुष्यभर मेंढरांमागे हिंडलेला. आता प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. पुण्याच्या रुग्णालयातून दुखणं शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळायच्या, त्याही मोजक्या दिवसांच्या. संपत आल्या की ही पहाटे निघायची. आज पुण्यातच गर्दीत उशीर झाला होता. तिकडे घरी कालच गोळ्या संपल्या होत्या.

"ताई, एवढी मोठी तुमची कपाटं औषधाची. ही गोळी का नाय तुमच्यापाशी?"

मी म्हणाले, "त्याला वेगळी सरकारी परवानगी लागते."

"मग काढा की."

ती भांडत नव्हती. रेशनकार्ड काढा म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली. आमच्या ओळखीच्या जीपवाल्याला सांगून मी तिला घरी धाडलं, पण तिचं ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं आणि त्याची कागदपत्रं फार किचकट असतात, एवढंच मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. ती कागदपत्रं नेमकी कोणती, हे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विषय काढला तर फार्मासिस्ट हबकला. "मॅडम, एक गोळी इकडची तिकडं झाली तर पोलीस दारात. कशाला नसती भानगड?" त्याची भीती खोटी नव्हती. मलाही वाटत होतीच. तरी मी नियम मागवून घेतले आणि आम्ही तिघांनी बसून ते वाचले. मान्यताप्राप्त संस्था म्हणून अर्ज करायचा. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. साठा कुलपात, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गोळीची नोंद. वाचून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "एवढंच? लशीच्या फ्रीजचं याच्यापेक्षा जास्त लिहिते मी."

मी पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं. अर्ज भरला, पाठवला. काही आठवड्यांनी औषध प्रशासनाच्या कचेरीतून फोन आला. मला वाटलं, फेटाळला. पलीकडून एक लिपिक शांतपणे बोलत होते. "मॅडम, बाकी ठीक आहे. वर्षाला किती माल लागेल तो अंदाज तुम्ही मोकळा सोडलाय."

"साहेब, पुढच्या वर्षी किती लोकांना किती दुखणार, हे मी कसं सांगू?"

ते म्हणाले, "मलाही नाही सांगता येणार. पण उगाच काहीतरी थोडं लिहू नका. मंजुरी तेवढ्याचीच मिळते, मग मधेच संपलं की पेशंटची पंचाईत. आजूबाजूला विचारा आधी."

म्हणून आम्ही विचारायला निघालो. गावोगावच्या आशाताईंना फोन केले, आणि रविवारी सिस्टर आणि मी स्कूटरवरून फिरलो. कॅन्सरचे रुग्ण पुण्या-मुंबईत असतात असा माझा समज होता. ते घराघरांत होते. एका ओसरीवर एक म्हातारी तोंडात पदर कोंबून बसली होती, सुनेला कण्हण्याचा आवाज जाऊ नये म्हणून. राजुरीकडच्या एका बागायतदाराच्या घरचे म्हणत, "डॉक्टरांनी सांगितलंय, आता काही करण्यासारखं नाही." उपचार संपले होते आणि दुखणं उरलं होतं. त्याच्यावर काही करता येतं, हे त्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं. परतताना सिस्टर म्हणाली, "त्या साहेबांनी फोन केला नसता तर आपण आलोच नसतो इथं."

अंदाज भरून पाठवला. तपासणीला निरीक्षक आले. त्यांनी गोळ्यांसाठीचं कुलपाचं कपाट हलवून पाहिलं, ते हललं. "भिंतीला पक्कं करा," एवढा शेरा मारून गेले. फार्मासिस्टनंच गवंडी आणला, समोर उभं राहून बोल्ट ठोकून घेतले आणि कपाटाला दोन्ही हातांनी हिसके देऊन बघितले. त्या दिवसापासून त्याची भीती गेली. मंजुरीचा कागद आला तेव्हा पेढे त्यानंच वाटले.

पहिला साठा आल्यावर मी स्वतः डिंभ्याला गेले. म्हातारबाबा घोंगडीवर एका कुशीला पडले होते. पुण्याच्या गोळ्या पुरवून पुरवून खायचे, दुखणं अगदी सोसेना झालं की मगच एक. मी समजावलं, "बाबा, घड्याळ बघून घ्यायची. दुखायची वाट बघायची नाही. संपली तर कळंबला आहे."

"अफूच ना ही? डुलक्या घेत बसलो आन् बिबट्यानं मेंढरू न्येलं तर?"

"न्येऊ द्या," बायको म्हणाली, "तुमाला तर न्हाई न्येत!"

ते हसले.

पुढच्या महिन्यात गेले तर घोंगडी रिकामी. धरणाच्या कडेला, जिथं पाणी ओसरून गवत उगवतं तिथं, ते काठी टेकून उभे होते. मेंढरं पोरगा राखत होता, हे नुसते ओरडून सूचना देत होते. "लई बरं हाय," म्हणाले, "रातचं झोप लागती. आन् पोटाचं औषध वाढवून द्या, ह्या गोळीनं परसाकडला व्हत न्हाई." मॉर्फिनचा हा त्रास ठरलेला, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत दिलंच होतं. मी ते वाढवून दिलं. आदल्या महिन्यात कुशीवरून न हलणारा माणूस आता उभ्यानं तक्रार करत होता, याचं मला फार समाधान वाटलं.

तो हिवाळा आणि उन्हाळा त्यांनी असा काढला. मग घरच्या ओट्यावर, माणसांत बोलत असताना गेले. आजार आम्ही थोपवू शकलो नाही. थोपवू असं कुणी म्हटलंही नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मावशी उरलेल्या गोळ्या घेऊन आल्या. "दुसऱ्या कुणाला उपेगी पडत्याल."

"परत आलेल्या गोळ्या दुसऱ्याला देता येत नाहीत, मावशी. नोंद करून नष्ट कराव्या लागतात."

त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. पण नोंदीवर अंगठा दिला, पाणी प्यायल्या आणि तरीही उठेनात.

"ताई, आमच्या वरल्या वाडीत एक बाई हाय. छातीची गाठ फुटलीय. घरातली म्हनत्यात कुठं नाय न्यायचं. मी बोलू का त्यांच्याशी?"

"बोला. नाही आली तर मी येते."

पुढच्या बाजारच्या दिवशी दारात जीप थांबली. पुढच्या सीटवर, वरल्या वाडीतल्या त्या बाईला कवेत धरून, मावशी बसल्या होत्या. मी बाहेर येईपर्यंत सिस्टर व्हीलचेअर घेऊन पोचली होती, आणि आत फार्मासिस्ट कपाट उघडत होता.