नानांचा तोल आणि माझा आरसा

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने या वयात लेखणी उचलावी, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास आम्ही सुरतेत राहत होतो. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या गॅलरीतल्या जसुबेनशी मिठाची देवघेव हातोहात होई. पाडव्याला माझे वडील, नाना, स्टुलावर चढून गॅलरीत गुढी उभारत. त्या वर्षी मात्र धोतर नेसताना ते दोनदा डुलले. आईने निकाल दिला, की पाडव्यापर्यंत नाना स्थिर झाले नाहीत, तर स्टुलावर मी चढायचे.

मला स्टुलावर भोवळ येते. (ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती.) त्यामुळे माझी पितृभक्ती एकाएकी उफाळून आली.

तोल मेंदू सांभाळतो आणि मेंदूला डोळे बातमी पुरवतात, असे मी नानांना समजावले. आरशावर कुंकवाची उभी रेघ ओढली आणि त्यांना समोरच्या स्टुलावर उभे केले. रेघेपासून नाक ढळले, की नाना स्वतःला सावरीत. पाहता पाहता ते देवळातल्या दीपमाळेसारखे निश्चल झाले. आईनेही मान डोलावली.

पाडव्याच्या सकाळी नाना गॅलरीत स्टुलावर चढले आणि काठी हातात घेताच डुलू लागले.

"आरसा कुठाय?" त्यांनी विचारले.

मी आरसा घेऊन समोर जसुबेनच्या गॅलरीत धावलो. तिथे बाजेवर पापड वाळत होते. मी कठड्याशी उभा राहून आरसा छातीशी धरला. सहज खाली पाहिले, आणि तीच स्टुलावरची भोवळ आली. आरसा डावीकडे कलला, नाना उजवीकडे. मी उजवीकडे; नाना डावीकडे. खाली जमलेली मंडळीही आमच्याबरोबर झुलू लागली.

"अरे, आरसा हलतोय की मी?"

"आरसा, नाना."

"मग नीट धर ना!"

"कसा धरू? मी तुमच्याकडे बघून तोल सांभाळतोय!"

"मास्तर, संभाळजो, पापड छे!" जसुबेन ओरडल्या.

त्यांनी आरसा वाचवला. मला वाचवणे त्यांना आवश्यक वाटले नाही. मी बाजेवर बसलो, तो थेट उडदाच्या पापडांत. समोरचे डुलणारे दृश्य नाहीसे होताच नानांनी गुढीच्या गडूवर नजर रोवली, शांतपणे काठी बांधली आणि खाली उतरले. आईने आधी माझ्या धोतराकडे पाहिले, मग नानांकडे. आणि पुढच्या पाडव्यालाही स्टूल नानांचेच, असे जाहीर केले.

आज मी नानांच्या त्या वयाचा आहे. येत्या पाडव्याला स्टुलावर मीच चढावे, असा घरच्यांचा आग्रह आहे; आरसा धरायला मात्र कोणी तयार नाही. आपण याल का?