एक पोतं एफी, एक पोतं पेटी

रेचल बाईंनी टोरमॉडला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या खिडकीतून. मयत जात होतं, म्हणून त्या पडदे ओढत होत्या. बेटाच्या या पूर्व बाजूला नुसता खडक, त्यामुळे माणूस पुरायचा तर खिंडीपलीकडच्या वाळूतच. पुरुषांच्या दोन रांगा चढ चढत होत्या आणि पंचविशीचा एक बुटका तरुण बाजूने चालत दोन बोटं वर करायचा. बोटं वर झाली की पुढची जोडी बाजूला व्हायची, मागची खांदा द्यायची. शवपेटी एकदाही डगमगली नाही. स्वतःची पाळी आली तेव्हा त्याने डोंगराकडची बाजू धरली. जमीन तिथे उंच होती, म्हणजे त्याचं बुटकेपण पेटीला जाणवलं नसतं. हे बाईंच्या लक्षात आलं आणि राहिलं.

तो रस्ते खात्यात होता. खिंडीला वळसा घालणारा डांबरी रस्ता त्यानेच वर्षानुवर्षं दुरुस्त केला आणि त्याच रस्त्याने पुढे शववाहिका आली. तरी कुणा म्हाताऱ्याची खांद्यावरून जायची इच्छा असली, की टोरमॉडला निरोप यायचा.

टोरमॉडच्या निवृत्तीनंतर बाईंसह सहा जणांचा गट जमला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दिवसभर चालायचं, संध्याकाळी घरी. एका सप्टेंबरात बाई पोचल्या तेव्हा खिंडीच्या वाटेच्या तोंडाशी टोरमॉड उभा होता. शेजारी चर्चमधली जुनी लाकडी तिरडी, तिच्यावर बटाट्यांची दोन पोती बांधलेली.

"काय रे, बटाटे वारले वाटतं?" दुकानवाला मर्डो हसत म्हणाला.

"एक पोतं एफी, एक पोतं पेटी," टोरमॉड म्हणाला. "डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. तिला याच वाटेने जायचंय. मी हो म्हटलंय. आपल्याला जमतंय का, तेवढं बघू."

एफी त्याची बायको. चौघांनी तिरडी उचलली.

"तुम्ही नका, बाई," टोरमॉड म्हणाला.

"गप रे. मला हात नाहीत का?"

खांदेकऱ्यांच्या विसाव्यासाठी रचलेल्या दगडांच्या पहिल्या राशीपाशी ते थांबले, तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती. दुसरीपाशी दोघांनी हात चोळले. तिसरीपाशी मर्डोने तिरडी खाली ठेवली आणि तो खडकावर बसला.

"टोरमॉड, गाडी आहे रे. वीस मिनिटं लागतात."

"तुझ्या बापाच्या वेळीही गाडी होती. त्यांना खांद्यावरून जायचं होतं, म्हणून मी अठरा माणसं जमवली."

"तेव्हा गुडघे होते माझे."

"गोल्फला बरे असतात."

मर्डो लालबुंद झाला. बाकीचे तिघे धुक्याकडे बघत राहिले. टोरमॉडने मग बाईंकडे पाहिलं. तो काय मागतोय ते बाईंना समजत होतं. सहा जण पुरणार नव्हते, पण एकाने हो म्हटलं असतं, तर आणखी माणसं शोधता आली असती. बाईंची पाठ मोडून आली होती. त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या,

"टोरमॉड, अरे, एफीला कळणार आहे का?"

मग त्याने दोरी सोडली, पोती वाटेवर उतरवली, रिकामी तिरडी एकट्याने खांद्यावर घेतली आणि आल्या वाटेने खाली निघाला.

"थांब, मी येतो," मर्डो ओरडला. पण उठला नाही.

उरलेले पाच जण पलीकडे उतरले. हॉटेलात दीड वाजताचं टेबल सांगून ठेवलेलं होतं. बाईंनीही सूप घेतलं आणि ते गरम होतं, हे त्यांना आजही आठवतं.

एफी नोव्हेंबरात गेली. शववाहिका आली. मर्डोने दुकान बंद ठेवलं. गटातले सगळे काळे टाय लावून आले. टोरमॉडने प्रत्येकाचे आभार मानले, बाईंचेही, आणि ते अनोळखी माणसाचे मानावेत इतके व्यवस्थित. त्यानंतर बाई दोनदा त्याच्या दाराशी गेल्या. दोन्ही वेळा त्याने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि हवेबद्दल बोलला.

आता तो चौऱ्याहत्तरचा आहे. शनिवारी दहाच्या बसने एफीच्या कबरीवर जातो, दीडच्या बसने परत येतो.