शर्मिला घरातच होती

घणसोलीला सिडकोच्या ज्या बिल्डिंगमध्ये शर्मिला राहते, तिथे कुरिअरवालासुद्धा तिला सांगितल्याशिवाय वरच्या मजल्यावर जात नाही. तिने तसा नियम केलेला नाही. पण ती दारात उभी राहून अशी काही बघते, की माणूस आपणहून सांगून मोकळा होतो, कुठे चाललाय ते. रबाळ्याला एका पॅकिंगच्या कंपनीत ती चेकिंगला आहे. आलेला बॉक्स उघडून बघायचा, मगच पुढे सोडायचा. घरी आल्यावरही तिचं तेच चालतं. भाजीवाल्याचा काटा, सोसायटीची पाण्याची टाकी, नणंदेचा गोडगोड फोन, सगळं तपासून घेणार. नवरा सिताराम न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, घरी कमी आणि रस्त्यावरच जास्त. तो म्हणतो, "मी फोनवर शिंकलो तरी ही विचारते, बाजूला कोण आहे?"

हसू नका हो. तिला कारणही आहे. तिची एकुलती एक पोरगी, संघप्रिया, जन्मापासून आंधळी. शाळेत मैत्रिणी म्हणवणाऱ्या पोरी हिचा डबा फस्त करायच्या आणि वर हिलाच विचारायच्या, "अय्या, आज काही आणलंच नाहीस?" हे शर्मिलाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिने जगाला माफ केलेलं नाही.

संघप्रिया आता वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. काठी घेऊन एकटी जाते-येते, फोनवर ऐकून अभ्यास करते आणि आईच्या तिप्पट बोलते. अशा पोरीने घरी आणला कोण, तर अभय. वर्गातला, सीवूड्सला राहणारा, उंच, गोरागोमटा, आणि तोंडाला हे एवढं कुलूप. पहिल्याच दिवशी दारात "जय भीम, काकू" म्हणाला आणि मग तासभर गप्प. शर्मिलाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. याला हे कोणी पढवलं?

तिने चहाबरोबर चौकशीही दिली. वडील काय करतात? "बँकेत." घरी ठाऊक आहे, इथे येतोस ते? "हो." इतक्या लांब कशाला येतोस? यावर तो कान लाल करून कपाकडे बघत बसला. झालं! बोलणारा माणूस शर्मिलाला परवडतो, कुठेतरी घसरतो तरी. हा ताकास तूर लागू देईना.

खरं सांगायचं तर तिच्या संशयाच्या तळाशी एक फार वाईट विचार होता आणि तो तिने सितारामलाही सांगितला नव्हता. चांगल्या घरचा, धडधाकट, डोळस पोरगा. त्याला हिच्यात काय दिसलं? काहीतरी फायदा उठवायलाच आलाय मेला.

त्यात शेजारच्या बाळाबाईने भर घातली. दुपारी शर्मिला ड्यूटीवर असताना तिने म्हणे दाराशी ऐकलं. "तो पोरगा हळू आवाजात म्हणत होता गं, आता तो तिच्या जवळ सरकतो. आता हात धरतो. शी बाई, मी तर पळालेच!"

शर्मिलाला दोन दिवस जेवण गेलं नाही. पोरीला विचारलं असतं तर पोरगी भडकली असती. तिसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि पोरीला सांगितलंच नाही. दुपारी नेहमीसारखी "येते गं" म्हणाली, दार उघडलं, धाडकन लावलं आणि आतच राहिली. बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. पंखा फुल होता, खाली कुणाचं तरी ड्रिल मशीन चाललं होतं. ती फ्रिजशेजारच्या खुर्चीवर श्वास रोखून बसली.

संघप्रियाने केस विंचरले. मग खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एकटीच बोलायला लागली.

"अभय, मला तू आवडतोस." थांबली. "छे, फारच नाटकी." पुन्हा म्हणाली, "ए, ऐक ना. तू मला आवडतोस, समजलं?" आणि तोंडावर हात ठेवून एकटीच हसली.

तेव्हाच उठायला पाहिजे होतं. शर्मिलाला ते कळलंही. लाजेने तिच्या कानशिलातून वाफा निघत होत्या. पण आता हलणार कशी?

बेल वाजली. संघप्रियाने दार उघडलं. अभय आत आला आणि त्याला समोर शर्मिला दिसली. तिने डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं. गप्प बस! गप्प बसण्यात तर तो पटाईत.

"अभय, ते जपानी कार्टून नंतर बघू," संघप्रिया म्हणाली. "नंतर सांग मला, स्क्रीनवर कोण कुणाचा हात धरतंय ते. आधी मला तुला एक..."

म्हणजे बाळाबाईने ऐकलं ते हे! प्रेमाचं जपानी कार्टून, आणि हा तिला त्यातलं एकेक दृश्य सांगत बसतो. शर्मिलाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो मुका पोरगा बोलला.

"थांब, संघप्रिया. काकू इथेच आहेत. फ्रिजजवळ बसल्यात."

संघप्रियाचा चेहरा उतरला. "आई? कधी आलीस?"

"आत्ताच गं," शर्मिला म्हणाली.

"दार तर आत्ता मी उघडलं."

पोरीच्या गालांवर रंग चढत गेला. आपलं काय काय ऐकलं गेलंय, याचा ती हिशेब लावत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "याआधी कितीदा बसली होतीस?"

"कधीच नाही! बाबासाहेबांची शपथ, एकदाही नाही गं!"

हे शंभर टक्के खरं होतं. पण संघप्रियाच्या डोक्यात लहानपणापासूनच्या सगळ्या रिकाम्या खोल्या फिरत असाव्यात. आणि त्या रिकाम्या होत्या का, हे आता तिला कोण सांगणार?

तेव्हापासून शर्मिला घरात सारखी आवाज देत फिरते. "मी किचनमध्ये आहे गं." "मी बाल्कनीत." संघप्रिया "बरं" म्हणते. भांडत नाही, टोमणेही मारत नाही. भांडली असती तर शर्मिलाला बरं वाटलं असतं. अभय अजून येतो. शर्मिला आता त्याला काही विचारत नाही, चहात आलं मात्र जास्त घालते.

गेल्या रविवारी तो आला, तेव्हा शर्मिला मुद्दाम बाहेर पडली. पोरांना मोकळेपणा मिळावा, एवढाच हेतू. "कोथिंबीर आणते गं, वेळ लागेल," म्हणाली, खरोखर निघाली, दार ओढून घेतलं. लिफ्ट खालच्या मजल्यावर अडकली होती. ती बटण दाबून उभी राहिली.

आतून संघप्रियाचा आवाज आला. "अभय, बघ ना जरा. खरंच गेली का ती?"

दार उघडलं. अभयने तिच्याकडे पाहिलं. शर्मिलाने लिफ्टकडे हात केला. तो बिचारा अवघडला. पण त्या पोरीशी खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"नाही," तो आत वळून म्हणाला. "बाहेर उभ्या आहेत."

"मग ती जाईपर्यंत गप्पच बस," संघप्रिया म्हणाली.