आतेला कुशीवर वळवताना

गोवा राज्य झालं त्या सुमाराला माझी आते डिचोलीजवळच्या एका वृद्धाश्रमात होती. तिला मूलबाळ नव्हतं आणि कुणाच्या घरी राहणं तिला पसंत नव्हतं, म्हणून ती आपणहून तिथं गेली. पुढं न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली.

पेडण्याहून मी तिला बघायला गेले तर खोलीत घाण वास, चादर ओली. तिला कुशीवर वळवलं तशी ती कळवळली. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती.

"कुणी वळवत नाही तुला?"

"सांगलंय गो. म्हणतत, आजी, आराम कर. एवढो आराम माका जन्मात गावलो नाय!"

व्यवस्थापक म्हणाला, "या वयात असं व्हायचंच."

मी त्याच्याशी कडाकडा भांडले आणि त्याच दिवशी गाडी करून तिला आमच्या घरी आणलं.

आमच्या डॉक्टरांनी जखम साफ केली. दर दोन तासांनी कूस बदला, अंग कोरडं ठेवा, आणि मासे, अंडी भरपूर द्या, असं सांगितलं. आते खूश झाली. "हो दोतोर खरोच शिकलेलो!"

तिची खाट आम्ही ओसरीवर टाकली. मराठी की कोंकणी हा वाद तेव्हा घरोघरी चालायचा. आते मराठीच्या बाजूची, पण भांडायची मात्र कोंकणीतून. शेजारी मुद्दाम वाद उकरून काढायला यायचे. वाद रंगात आला की नेमकी कूस बदलायची वेळ व्हायची. मी आणि माझा नवरा तिला भिंतीकडे वळवायचो आणि ती तिकडूनच ओरडायची, "पाठ फिरवली म्हणून मी हरलंय नाय हां!"

जखम हळूहळू लाल झाली, भरत आली. चतुर्थीला ती खुर्चीत बसून करंज्यांना नावं ठेवत होती.

मग एक दिवस म्हणाली, "आश्रमात माझ्या बाजूच्या खाटेवरची म्हातारी उलयनासुद्धा, तोंडात एक शब्द नाय. तिका कोण वळयता?"

आतेला गाडीत बसवून, तिची खुर्ची बरोबर घेऊन आम्ही दोघी आश्रमात गेलो. त्या म्हातारीच्याही पाठीला फोड आले होते. आतेनं खुर्चीतूनच सेविकेला हाक मारली आणि उशा कुठं, हात कुठं, सगळं करून घेतलं. मी म्हातारीच्या मुलाला निरोप धाडला. तो साखळीहून धावत आला, पाठ बघून रडला आणि आईला घरी घेऊन गेला. त्यानं इतर नातेवाईकांनाही गाठलं. सगळे मिळून व्यवस्थापकासमोर उभे राहिल्यावर आश्रमात आणखी दोन बायका कामाला आल्या.

ते बघायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा परतताना आते गाडीत गाणं म्हणत होती. फार बेसूर.