आधी चारा, मग माणूस

तांड्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं घर सोडून लांब गेलेल्यांनो, एक कबूल करतो. गेल्या आठवड्यापर्यंत हे कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. इथल्या ऑफिसात मी माझ्या बापाला फौजेतला अधिकारी करून टाकलं होतं.

निघालो तो दिवस आठवतो. मुकुटबनजवळच्या आमच्या तांड्यापासून वणीचं स्टेशन म्हणजे बैलगाडीनं दिवसभराची वाट. मी अमेरिकेला शिकायला निघालो, म्हणून बानं तीन खेपा केल्या. आधी कडब्याच्या पेंढ्या अर्ध्या वाटेवर ओळखीच्या घरी टाकल्या. मग माझी ट्रंक आणि वळकटी वणीला पोचवली. सगळ्यात शेवटी मी.

स्टेशनातल्या बाबूनं विचारलंच, "काहून गा, एका पोराले पोचवाले तीन खेपा? नवरदेव आहे का हा?"

"आमच्यात माणूस शेवटी निघते, बाबूजी," बा म्हणाला. "पुढं चारा पोचला का नाही हे कळल्याबिगर जागचं हालत नाही."

आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, ती ही रीत. पण लोक हसले आणि मी लाजेनं मान खाली घातली.

काही वर्षांनी चंद्रावर माणूस पाठवायच्या बेतात आकडेमोडीला मला घेतलं. सगळं वजन एका झेपेत नेईल असं रॉकेट तेव्हा नव्हतं. म्हणून बरीच रॉकेटं सोडायची, पृथ्वीभोवती फिरतानाच त्यांची गाठ घालायची, तिथं इंधन भरायचं आणि पुढं निघायचं. आमच्या पहिल्या तक्त्यात माणसं आधी वर जाऊन इंधनाची वाट बघत बसली होती. मी म्हटलं, मागचं रॉकेट उडालंच नाही तर? आधी इंधन पोचू द्या, नीट आहे हे कळू द्या, मग माणसं. इंधन वर हळूहळू उडून जातं, असं कोणी म्हणालं. मग माणसांचं रॉकेट खाली तयार ठेवा, इंधन पोचलं की लगेच सोडा, मी म्हटलं.

साहेब खूश झाले. "हे कुठे शिकलास?"

तोंडून निघून गेलं, "वडील फौजेत रसदीचे अधिकारी आहेत."

पुढं कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना माझी तशीच ओळख करून देत, आणि मी हसून मान हलवी.

शेवटी एकाच मोठ्या रॉकेटानं जायचं ठरलं. आमचे तक्ते कपाटात गेले. त्याचं दुःख नाही. मी इथं सुखात आहे. ज्वारी मिळत नाही, तर रविवारी मक्याच्या भाकरी होतात. सहलीला निघताना पेट्रोल, पाणी, टायर आदल्या दिवशी बघतो, मायलेकींना शेवटी गाडीत बसवतो. बायको ओरडते, "अहो, चंद्रावर नाही जायचं आपल्याला!"

गेल्या आठवड्यात बाचं पत्र आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. "रेडिओवर चंद्राचं ऐकलं. तू त्याच कामात आहे, असं लोक म्हणते. वर जाणाऱ्याच्या पुढं चारा धाडता का रे?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं. वडील गाडीवान आहेत, रीत त्यांचीच. ते हसले. "मग त्यांनाच नोकरीवर घ्यायला हवं होतं!" घरी येऊन बायकोलाही सांगितलं.

घर म्हटलं की आता मला तांडा दिसत नाही. माझ्याआधी अर्ध्या वाटेवर पोचलेल्या त्या पेंढ्या दिसतात. बाला मात्र अजून काही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही त्याच्या कानावर घालू नका. त्याची रीत मी वापरली आणि त्याचं नाव लपवलं, हे मला पत्रातून नाही, त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे. तेवढं माझ्याकडून राहिलं आहे.